कोपरात वाकलेला हात

"कोण घाबरलं आहे? हात वर."

देवपुजारी सरांचा रसायनशास्त्राचा प्रत्येक तास या प्रश्नाने सुरू व्हायचा. कांचघर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घराची मागची खोली, मधोमध रेक्झिन ठोकलेलं लांब टेबल, त्यावर स्पिरिटचा दिवा आणि भोवती आम्ही दहावीची सहा मुलं. ज्याचा हात वर जाईल त्याच्या हातात सर काडेपेटी द्यायचे. बाकीच्यांनी त्या दिवशी नुसतं बघायचं.

मी तेव्हा शाळेत इंग्रजीत, रस्त्यावर हिंदीत आणि घरी मराठीत गप्प असायचे. हजेरीला 'प्रेझेंट मॅम' म्हणायचं असलं तरी चार नावं आधीपासून माझा घसा कोरडा पडायचा. त्या पहिल्या दिवशी माझा हात कसा वर गेला, मला कळलं नाही. पुरता गेलाही नव्हता.

"ये, बेटा," सर म्हणाले. "हिचा हात बघा रे. कोपरात वाकला आहे. खरा घाबरलेला हात असाच असतो. वर जाऊ की नको, विचार करून राहिलेला."

निखिल नावाच्या आमच्यातल्या सगळ्यात धीट मुलाने लगेच दोन्ही हात ताठ वर केले. "सर, मी तर मरून राहिलो भीतीनं!"

"बस खाली. हा मॉनिटर व्हायचा हात आहे."

सगळे हसले. मी काडी ओढली. तीन काड्या मोडल्या, चौथी पेटली. तेवढा वेळ सर माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, बोटांकडे बघत होते.

निवृत्तीपूर्वी ते फॅक्टरीत नव्या कामगारांना मशीनवर हात बसवायला शिकवायचे. उकाड्यातही त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं असे. चहा ते इतका उकळता प्यायचे, की त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "यांच्या घशाला पत्रा ठोकला आहे." कुणी 'आय नो, सर' म्हटलं की सर चष्म्यावरून बघायचे. "अच्छा? तोंडाला माहीत आहे. हाताला विचार एकदा."

मला त्यांची भीती वाटत नव्हती. त्यांच्यासमोर चुकण्याची वाटायची.

चूक जानेवारीत झाली. सल्फ्युरिक आम्ल पातळ करायचं होतं. एव्हाना निखिल मला 'डरपोकांची कॅप्टन' म्हणायला लागला होता आणि तेच नाव शाळेतही पोचलं होतं. म्हणून त्या दिवशी प्रश्न आला तेव्हा मी हात मांडीवर दाबून ठेवला. कुणाचाच हात वर नव्हता. "चलो, आज सगळे शूर," असं म्हणून सर आतून काचेची कांडी आणायला गेले. मला धीट आहे हे दाखवायचं होतं. पाण्यात आम्ल की आम्लात पाणी, हे मी चार वेळा पाठ केलं होतं, पण ऐन वेळी डोक्यात दोन्ही सारखंच ऐकू यायला लागलं. निखिल बघत होता. त्याला विचारणं शक्य नव्हतं. मी आम्लाच्या पेल्यात पाणी ओतलं.

आवाज तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा झाला. पेला उसळला. रेक्झिनवर काळे डाग उठले, माझ्या ओढणीला भोकं पडली आणि मनगटावर एक थेंब आला. सर धावत आले, त्यांनी मला नळाखाली उभं केलं आणि माझा हात कितीतरी वेळ धारेत धरून ठेवला.

"काहून नाही विचारलंस?"

मी रडत होते. म्हटलं, "सगळे हसले असते, सर."

त्यांनी नळ बंद केला नाही. पाण्याच्या आवाजातच बोलले. फॅक्टरीत त्यांच्या एका बॅचमध्ये एक थोराड, दोन मुलांचा बाप असलेला कामगार होता. पहिल्याच आठवड्यात पत्रा दाबायच्या प्रेसजवळ येऊन तो म्हणाला होता, "साहब, डर लग रहा है. एक बार फिर से बता दीजिए." सर तेव्हा तरुण होते. ते म्हणाले होते, "डर लगता है तो चूड़ी पहन लो." अख्खी बॅच हसली. पुढच्या वेळी त्या माणसाने विचारलं नाही. प्रेसखाली त्याची तीन बोटं गेली.

"मशीन चांगलं होतं," सर म्हणाले. "मी शिकवलं ते वाईट होतं. मास्तर एकदा बोलतो, बेटा, पण ते किती हातांत जाऊन बसतं, त्याला ठाऊक नसतं."

माझ्या मनगटावर तो डाग आजही आहे. आता मी सदर भागातल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पहिल्या प्रॅक्टिकलला मी पोरांना सरांचाच प्रश्न विचारते, आणि तो विचारताना माझाच घसा कोरडा पडतो.

गेल्या डिसेंबरात चक्कर येऊन पडल्यामुळे सरांना इस्पितळात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना मी काकूंसाठी डबा घेऊन गेले. सर खुशीत होते. "आज सुट्टी! घरी जाऊन पोहे खाईन," ते म्हणाले. डॉक्टर आले. तरुण होते, घाईत होते.

"कोई तकलीफ, अंकल?"

"बिल्कुल नहीं. घोडे जैसा हूँ."

डॉक्टर घरी सोडण्याचा कागद भरायला लागले. मला मात्र टेबलावरचा चहा दिसत होता. त्यावर जाड साय धरली होती. सरांनी घोटही घेतला नव्हता. थंडीच्या दिवसांत त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. डाव्या हाताने त्यांनी खाटेची कड अशी धरली होती, की नखं पांढरी पडली होती.

काकू पिशवी भरत होत्या. डॉक्टरांचं पेन चालू होतं. मी बोलले नाही तर सर घरी जाणार होते. आणि मी चुकत असेन तर? भर वॉर्डात, मोठ्या माणसाला खोटं पाडायचं? आवाज फुटला तो दहावीतल्या मुलीचा असावा तसा.

"सर, कोण घाबरलं आहे? हात वर."

काकूंचे हात पिशवीतच थांबले. सरांनी माझ्याकडे बघितलं, फार रागाने. इतक्या वर्षांत त्यांच्या तासाला त्यांचा स्वतःचा हात मी कधी वर गेलेला पाहिला नव्हता.

मग सलाइनची नळी हलली. उजवा हात चादरीवरून उठला, कोपरात वाकला आणि तिथेच थांबला.

डॉक्टरांनी पेन खिशात टाकलं, स्टूल ओढलं. "अंकल, कब से?"

"सुबह चार बजे से," सर म्हणाले. "छाती में."

त्याच दुपारी त्यांचं ऑपरेशन झालं. त्यानंतर सर चार महिने जगले. मागच्या खोलीत शेवटपर्यंत तास चालू होता. ते खाटेवरून पोरांच्या बोटांकडे बघायचे.

इस्पितळातून घरी आले त्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दाराशी उभी होते, जाऊ की थांबू कळत नव्हतं. शेवटी म्हणाले, "भर वॉर्डात माझा हात वर करायला लावलास."

"सॉरी, सर."

"कोपरात वाकला होता का?"

"हो, सर."

"मग ठीक," ते म्हणाले आणि त्यांनी काकूंना चहा ठेवायला सांगितला.