पेण ते रोहा: मशीनला खरं प्रेशर दिसावं म्हणून

गावं म्हातारी होत चालली आहेत. तिथे औषध पोचतं का आणि पोचलं तर लागू पडतं का, हे बघून ये, असं संपादकांनी सांगितलं. मजकूर सोमवारी द्यायचा होता. शुक्रवारी सकाळीच गाडी काढली. तुम्ही जाणार असाल तर वडखळच्या पुढे खड्डे आणि वळवलेला रस्ता धरून तासभर हाताशी ठेवा.

गडबजवळच्या एका गावात समाजमंदिरात महिन्याची तपासणी चालू होती. तरुण कोणी धाटावच्या कंपनीत, कोणी आखातात. रांगेत बहुतेक सत्तरीपुढचे. यशोदाआजींच्या दंडाला पट्टा बांधून सिस्टरनी आकडा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"गोळी घेताय ना, आजी?"

"घेतंय तर. रोज घेतंय."

"मग एवढं कसं वाढलं?"

"तां तुझ्या मशीनलाच विचार गो बाय!"

रांग हसली. डॉक्टरांनी आजींची एक गोळी दोन केली. मागच्या बऱ्याच जणांचं तेच झालं. गोळ्या मिळतात, पण गुण येत नाही, असा निष्कर्ष मी मनात पक्का करून टाकला.

आजींना आणि त्यांचे यजमान बाळारामकाकांना दुसऱ्या दिवशी रोह्याला मुलाकडे जायचं होतं. माझीही वाट तीच, म्हणून गाडीत या म्हटलं. मुक्काम पेणला केला. साध्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं मिळालं; खिशाला जड नाही, चुकवू नका.

सकाळी नागोठण्यापर्यंत आजी सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवत होत्या. भिसे खिंड चढायला लागलो आणि त्या मध्येच थांबल्या. आरशात पाहिलं तर मान खिडकीवर कलली होती.

"गो, बोल काय तरी!" काकांनी त्यांचा हात धरला. "रोज माझं डोकं खातेस, आजच का गप?"

हात गार आणि घामाने चिंब होता. मोबाईलला रेंज नव्हती. मागे ट्रक, पुढे वळण. गाडी फिरवणं शक्यच नव्हतं.

"दादा, पाणी पाजू काय?"

"नको, ठसका लागेल. आडवं करा त्यांना."

काकांनी त्यांना सीटवर निजवलं, पाय स्वतःच्या मांडीवर घेतले आणि उतार संपेपर्यंत त्यांचं नाव घेत राहिले. आजींकडून एक हुंकारसुद्धा येत नव्हता.

रोह्याच्या सरकारी दवाखान्यात स्ट्रेचर लगेच मिळालं. प्रेशर तळाला गेलं होतं. सलाईन लावता लावता डॉक्टरबाईंनी विचारलं, "आज काय काय घेतलंय?"

"नव्या दोन गोळ्या," काका म्हणाले. "अन् कालची राह्यलेली एक."

"कालची का राहिली?"

"तपासणी होती ना! गोळी खाऊन गेलो तर मशीनला खरं प्रेशर कसं दिसंल? त्या दिवशी आमच्या गावात कोनीच खात नाय."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला ती रांग आठवली. काल ज्यांच्या ज्यांच्या गोळ्या वाढल्या, ते सगळे आज दोन किंवा तीन घेऊन बसले असणार. बाहेर येऊन सिस्टरना फोन लावला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "घरोघर जाते."

दुपारी त्यांचा फोन आला. दोघांना चक्कर आली होती, पडलं कोणी नव्हतं. तोवर मुलगा शिफ्ट सोडून आला होता आणि आजींनी डोळे उघडले होते.

"गाडीत ओकले नाय ना रे मी?" त्यांनी मला विचारलं.

रविवारी घरी पोचलो आणि मजकूर पुन्हा पहिल्यापासून लिहिला. औषध लागू पडतं का, याचं उत्तर आकड्यांवरून द्यायला मी निघालो होतो. आता कुठलाही आकडा दिसला की त्या सकाळी गोळी घेतली होती का, हा प्रश्न आधी येतो.

पुढच्या तपासणीनंतर मी काकांना फोन केला.

"या खेपेला सगळी जणं गोळी खाऊनशी गेलो. आकडा झ्याक आला. हिच्या जिवाला मात्र घोर लागलाय."

"आता कसला?"

"आकडा बरा आला, तर आता गोळी बंद करतील काय, इचारतेय."

"बंद कशाला करतील? देतील की," मी ठामपणे म्हणालो. खात्री नव्हती, म्हणून फोन ठेवल्यावर लगेच सिस्टरना विचारलं.

"देणार ना," त्या म्हणाल्या. "साठा आला की."