बदामी उंदरीण आणि केशराचं दूध

आमच्या घरात उंदीर आहेत आणि ते मुद्दाम पाळलेले आहेत, हे सासूबाईंना सांगायचं काम नवऱ्याचं होतं. तो आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिला. शेवटी त्या पुण्याहून येऊन पोचल्या, तेव्हा विमानतळावरून चँडलरला, आमच्या या वाळवंटातल्या गावी, येताना गाडीत त्याने विषय काढला. म्हणाला, घरी थोडे उंदीर आहेत, पण साधे नाहीत, फॅन्सी आहेत. सासूबाईंनी शांतपणे विचारलं की मग त्यांना मारायचं औषधही फॅन्सीच लागतं का. त्याने गणपतीच्या वाहनाचा आधार घेऊन पाहिला. त्यावर त्या म्हणाल्या, गणपतीलासुद्धा एकच पुरतो.

नवरा कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घालून, जिथे धुळीचा कण चालत नाही अशा खोलीत काम करतो आणि घरी आला की कोपरापर्यंत पिंजऱ्यातल्या भुशात हात घालून बसतो. गॅरेजमध्ये ठेवले असते तर इथल्या उन्हात उंदरांचे पापड झाले असते, म्हणून त्यांना एसी असलेली खोली. ही तीच खोली, जी बाळाची होणार होती. मला सातवा महिना होता. पाळणा अजून खोक्यात होता आणि उंदरांचे पिंजरे मात्र तीन मजली.

त्याला नाद रंगांचा. काळे, चॉकलेटी, राखाडी. राखाडीला हे उंदीरवाले लोक निळा म्हणतात आणि आपणही म्हणायचं असतं. त्या वर्षी त्याने टूसॉन गावच्या, उंदीर पाळून विकणाऱ्या एका बाईंकडून फिकट रंगाची मादी आणली होती. त्या रंगाचं खरं नाव शॅम्पेन. गर्भारशीच्या घरात दारूचं नाव नको म्हणून सासूबाईंनी तिला बदामी करून टाकलं. आणि खरं सांगायचं तर चार दिवसांत त्या तिच्या प्रेमातच पडल्या. सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर बसायच्या. कशी नाजूक आहे, कशी उजळ आहे, हे मला ऐकवायच्या.

आता उजळपणाचं सांगायला हवं. सासूबाई गोऱ्यापान, नवरा गोरा, त्यांच्या घरातली मांजरसुद्धा गोरी होती म्हणतात. मी सावळी. लग्नात माझी ओळख करून देताना त्यांच्याकडच्या बायका "तरतरीत आहे हो" म्हणायच्या, यातच काय ते समजा. सासूबाई वाईट नव्हत्या, नाहीतच. माझे पाय चेपायच्या, डिंकाचे लाडू वळायच्या. पण पर्समधून केशराची डबी घेऊन आल्या होत्या, आणि रोज संध्याकाळी पिवळंधमक दूध माझ्यापुढे यायचं. कशासाठी ते त्या बोलायच्या नाहीत आणि मी विचारायचे नाही. मी हसून प्यायचे, पण आतून जळायचे. मुलगी आहे हे आम्हाला कळलेलं होतं, आणि जिने अजून डोळे उघडले नाहीत तिला कोणीतरी आधीच रंगावर तोलतंय, हे मला सहन होत नव्हतं.

तेवढ्यात नवऱ्याने बदामीची जोडी लाल डोळ्यांच्या पांढऱ्याशुभ्र नराशी लावली. त्याचा हिशोब साधा होता: फिकट अधिक पांढरा, म्हणजे पिल्लं दुधासारखी. इंजिनिअर माणूस, भिंतीला द्यायच्या रंगासारखा विचार करत होता. सासूबाईंना जोडा फारच शोभून दिसला. बदामीचं पोट दिसायला लागलं, तशी त्यांनी तिलाही केशराच्या दुधात बुडवलेला ब्रेडचा तुकडा सुरू केला. मी म्हटलं, चला, निदान सोबत तरी मिळाली.

पिल्लं झाली. इवलीशी, गुलाबी, सोललेल्या कोळंबीसारखी. सासूबाई चष्मा लावून प्रत्येकाचा कान शोधत होत्या, कारण बाळाचा पुढचा रंग कानाच्या पाळीवर कळतो असं त्यांचं मत. म्हणाल्या, सगळी गोरी आहेत. नवरा मात्र पिल्लांच्या मिटलेल्या डोळ्यांच्या जागी काळे ठिपके बघून डोकं खाजवत होता, कारण दुधासारख्या पिल्लांचे डोळे लाल हवे होते. आठवड्याभरात लव आली, आणि एकजात सगळी पिल्लं आपल्याकडे तांदळाच्या पोत्यामागून पळतो ना, त्या उंदराच्या रंगाची निघाली. तपकिरी, अगदी साधी.

नवऱ्याने टूसॉनच्या बाईंना फोन लावला. त्या आधी पोटभर हसल्या. मग समजावलं की तसला पांढरा हा रंगच नव्हे, ती वरून घातलेली चादर. खाली कुठला रंग आहे ते पिल्लं झाल्याशिवाय कळत नाही. हा तपकिरी त्या पांढऱ्या बापातूनच आला होता. फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी मला ते मराठीत सांगायला लावलं, आणि मग पुन्हा एकदा सांगायला लावलं. चष्मा लावून पिल्लं पुन्हा पाहिली. नंतर हळूच म्हणाल्या की त्यांची आई चांगली काळीसावळी होती. लग्नानंतर हे मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि नवऱ्याचं तोंड बघता, तोही.

त्या संध्याकाळी दूध आलं ते नुसतं साखर घातलेलं. मी पेला रिकामा करून दिला.

मुलगी झाली ती थेट माझ्या रंगाची. हॉस्पिटलमध्ये सासूबाईंनी तिला घेतलं, दुपटं जरा बाजूला केलं आणि कानाची पाळी पाहिली. सवय कुठे जाते. मी पडल्या पडल्या त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांनी दुपटं पुन्हा नीट केलं. तेवढ्यात पुण्याहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. मावशींनी बाळंतीण कशी आहे हेही विचारलं नाही.

"रंगाने कोणावर गेली गं?"

नवरा खिडकीबाहेर बघायला लागला. सासूबाईंनी बाळाला फोनच्या आणखी जवळ धरलं.

"माझ्यावर," त्या म्हणाल्या. "माझा वरून दिसत नाही, एवढंच."