शेपटावरची चार टिंबं

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. घाटकोपरला आमच्या चाळीत त्या वर्षी गणपतीच्या आरासीत विमान टांगायचं मी ठरवलं. मामाने दुबईहून खोकं आणलं होतं: दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन लढाऊ विमान, राखाडी प्लास्टिकचे सुटे तुकडे, ते जोडायचे आणि रंगवायचे. मी कॉलेजात होते. पोरगी दोन दिवसांत कंटाळेल, असं घरच्यांना वाटलं. मी महिनाभर चिकटून बसले.

बारीक काम मला शेजारच्या मावशींनी शिकवलेलं. त्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या, घरी ब्लाऊज शिवायच्या. श्वास रोखून टाका घालायचा, ही त्यांची शिकवण. पंखांवर हिरवे-करडे पट्टे ओढताना मी तसाच श्वास रोखायचे. वैमानिक शेंगदाण्याएवढा, त्याचा चेहरा मी आमच्यासारखा गव्हाळ रंगवला. मावशींनी नुसतं "छान" म्हणावं, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. त्या इस्रायलला लेकीकडे गेल्या होत्या, गणपतीत परतणार होत्या.

खोक्यावरच्या चित्रात शेपटावर काळं स्वस्तिक होतं. आतल्या विमानावर चिकटवायच्या चित्रांत मात्र ते नव्हतं. छापायला विसरले असतील, असं समजून मी ते ब्रशाने काढलं. आई बघून खूश झाली.

"अगं, तेही स्वस्तिक काढतात? पण तिरकं का?"

"चित्रात तसंच आहे."

"आणि टिंबं कुठायत?" म्हणत तिने काडीने ओल्या कुंकवाची चार टिंबं दिली.

त्या युद्धाची कारणं आणि परिणाम मी शाळेत पाठ केले होते, मार्कही चांगले पडले होते. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही, याची मला आजही लाज वाटते.

मावशी आल्या त्याच संध्याकाळी आमच्याकडे आल्या. त्या पाया पडायच्या नाहीत, पण दरवर्षी आरास बघायच्या आणि मोदक हक्काने मागून घ्यायच्या. मी त्यांना हाताला धरून विमानाखाली नेलं. त्यांनी चष्मा सारखा केला, शेपटाकडे पाहिलं आणि माझ्या हातातून हात काढून घेतला.

"हे तू काढलंस?"

"हो. मीच."

त्या मटकन खुर्चीत बसल्या. "माझ्या लेकीच्या सासूच्या हातावर आकडा आहे गं. जर्मनांनी छावणीत गोंदवलेला. चौदा वर्षांची होती. घरातलं दुसरं कुणी परत आलं नाही. परवापर्यंत मी तिच्या शेजारी बसून भाजी निवडत होते. आणि त्यांच्या विमानांवर हेच होतं."

आई म्हणाली, "अहो ताई, आम्ही आपलं शुभ म्हणून..." मावशी मोदक न घेता गेल्या.

मी स्टुलावर चढून दोरा कापला. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन शेपूट घासत बसले. कुंकू लगेच गेलं. काळा रंग काही हटेना; फार मन लावून दिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उंबऱ्याशी रांगोळीचा डबा घेऊन नुसतीच बसली होती. मावशी आपल्या दारातून म्हणाल्या, "काढ गं. ते तुमचं. मला कळतं."

मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "हात मात्र छान बसलाय तुझा."

महिनाभर मी याच शब्दाची वाट बघत होते. तो ऐकून मला रडू कोसळलं.