हरतालिकेच्या दिवशी समुद्राचा सिनेमा

सासूबाईंच्या निर्जळी उपासाची कल्याणात आमच्या आळीत मोठी ख्याती होती. हरतालिकेला बाकीच्या बायका दुपारी एखादं केळं खायच्या, कोणी दूध घ्यायच्या, एकदोघी आतल्या खोलीत जाऊन चहाही उरकायच्या आणि ओठ पुसत साळसूदपणे बाहेर यायच्या. सासूबाई मात्र पहाटेपासून दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. त्या थुंकीसुद्धा गिळत नाहीत, असं समोरच्या वकिलीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. लग्न होऊन आले तेव्हा मला याचा एवढा धाक बसला की पहिल्या वर्षी मीही सकाळभर थुंकी गिळायचं टाळलं. मग विसरले आणि गिळली. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षी गोष्ट वेगळी होती. श्रावणात तीन आठवडे सासूबाई मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळल्या होत्या. उठून हिंडायला लागून जेमतेम दहा दिवस झाले होते. डॉक्टरांनी बजावलं, यंदा उपास नको, निर्जळीचं तर नावही काढू नका. सासूबाई म्हणाल्या, "नवरा माझा आहे की डॉक्टरांचा?"

मामंजी माझ्याशी सहसा थेट बोलत नसत. त्या सकाळी मात्र ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि हळूच म्हणाले, "सूनबाई, आज तिला एकटी सोडू नका. हृदय अशक्त झालंय म्हणतात डॉक्टर. चक्कर आली तर सरळ पाणी पाजा. मी सांगितलं म्हणा." मी दाराआडून मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमायचं. पण सासूबाईंना त्यांच्या मनाविरुद्ध पाणी पाजायचं म्हणजे काय, याचा मामंजींनी विचार केला नसावा. त्यांनी स्वतः एवढ्या संसारात बायकोला मनाविरुद्ध साधी सुपारी दिली नव्हती.

सकाळी वाळूच्या महादेवाची पूजा झाली, पत्री वाहून झाली, पुरुषांची जेवणं झाली. सासूबाईंचा चेहरा पिवळट दिसत होता. मला वाटलं, आता आडव्या होतील. तर त्या लुगडं बदलून बाहेर आल्या. "चल, खेळाला जाऊ."

बाजाराजवळच्या टॉकीजमध्ये हरतालिकेच्या दुपारी फक्त बायकांसाठी खेळ असे. मालक हुशार होता. उपाशी बाईला दुपारी झोप लागत नाही, कामात तिचं लक्ष नसतं आणि देवाचा सिनेमा असला की घरचे अडवत नाहीत, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. त्या वर्षी शंकरपार्वतीचा सिनेमा होता. आम्ही टांगा करून गेलो.

टॉकीजच्या दारावर शंकराचं भलंमोठं चित्र होतं, पण त्याच्या पोटावर कागदाची पट्टी चिकटवली होती. चौथीपर्यंतचं शिक्षण वाया जाऊ नये म्हणून दिसेल ते वाचायची मला सवय होती. सिनेमाच्या पेट्या वेळेवर आल्या नाहीत, तरी आज समुद्रात भरकटलेल्या खलाशांचा इंग्रजी सिनेमा दाखवला जाईल, तो खऱ्या घडलेल्या घटनेवरून काढला आहे, असं पट्टीवर लिहिलं होतं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तोवर त्या आत जाऊन दुसऱ्या रांगेत बसल्याही होत्या. मी तोंड मिटलं आणि त्यांच्या शेजारी बसले.

आमच्या पुढच्या रांगेत खाडीवरच्या चारपाच कोळणी होत्या. सकाळचा बाजार उरकून, केसांत अबोली माळून आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीच्या मांडीवर पितळी लोटा होता आणि ती त्यातलं पाणी बिनदिक्कत पीत होती. आमच्या रांगेतल्या सगळ्यांची तोंडं तिकडे वळली. ती मागे वळून हसली. "आम्ही पानी पिऊन उपास धरतो गो. पानी नसलं म्हंजे काय व्हतं, ता आम्हांला ठावं हाय."

दिवे मालवले. पडद्यावर समुद्र आला.

"समुद्रमंथन," सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

मग समुद्रातून एक धुराड्याचं जहाज आलं.

"हे कोणाचं?"

"असुरांचं असेल," पलीकडच्या बाई म्हणाल्या.

जहाजावर गोरे लोक सिगारेटी ओढत होते. असुर म्हणून ते चालून गेले. बराच वेळ सगळ्याजणी विष्णूची वाट बघत होत्या. जहाज बुडालं, सात गोरे एका छोट्या होडीत चढले, तरी विष्णू येईना, तेव्हा आरडाओरडा सुरू झाला. मग टॉकीजचे मॅनेजर पत्र्याचा भोंगा घेऊन पडद्याजवळ आले. शंभर बायकांसमोर एकटा पुरुष. बिचाऱ्यांची टोपी घामाने भिजली होती.

"मातांनो, भगिनींनो, पेट्या आल्या नाहीत. पण हाही सिनेमा चांगला आहे. हे सगळं खरोखर घडलेलं आहे. मी तुम्हाला मराठीत सांगत जाईन."

"कुठे घडलं?"

"फार लांब."

"मग तुम्हाला काय ठाऊक खरं की खोटं?"

"अहो, यातले तिघे जिवंत परत आले, त्यांनीच सांगितलं."

"घ्या! शेवट सांगून टाकला मेल्याने."

उठून मात्र कोणी गेली नाही. घरी जाऊन करायचं काय, तर उद्याच्या मोदकांसाठी नारळ खवायचे. त्यापेक्षा गोरे बरे.

होडीत एक पिंप होतं. त्यातलं पाणी कप्तान डब्याच्या झाकणाने एकेकाला द्यायचा, दिवसातून एकदा. इथे बायका जाग्या झाल्या. वाटपाचं काम म्हणजे त्यांचं रोजचं.

"त्या जाड्याला जास्त दिलंन."

"त्याचा मेहुणा असेल."

"आणि स्वतः प्यायला का? नाही प्यायला. सोंगाड्या आहे, मागाहून पिणार."

एक तरुण खलाशी बायकोचा फोटो काढून रडायला लागला. मागून कोणीतरी म्हणालं, "आता आठवली!" आणि सगळं टॉकीज हसलं. मलाही हसू येत होतं, पण दर दोन मिनिटांनी मी सासूबाईंकडे बघत होते. त्या ताठ बसल्या होत्या.

"कितवा दिवस हा?" त्यांनी विचारलं.

"चौथा म्हणाले."

"चारच? आणि तेही रोज झाकणभर मिळतंय. मग रडतात कशाला?" पण त्यांचा आवाज खोल गेला होता. ओठ पांढरे पडले होते.

भोंग्यातून मॅनेजर सांगत होते, "आता तो म्हणतो आहे, पाणी! पाणी! मला पाणी द्या!"

"अहो, तुम्ही तरी नाव काढू नका," एक बाई कळवळून ओरडली. "सकाळपासून निर्जळी आहे आमची."

मॅनेजर सज्जन होते. त्यांनी तो शब्द सोडून दिला. "आता तो म्हणतो, मला ते द्या. ते मिळालं नाही तर मी मरेन. कप्तान म्हणतो, ते उद्यापर्यंत पुरवायचं आहे."

"कोण ते? नवरा मागतोय की काय?" एक म्हातारी म्हणाली. त्यावर एवढा हशा झाला की तो खलाशी कधी मेला ते कोणाला कळलंच नाही.

मग पडद्यावर ढग आले. टॉकीज एकदम गप्प झालं. पाऊस पडायला लागला आणि ते गोरे आभाळाकडे तोंडं उघडून बसले. सदरे पिळून पाणी तोंडात घेत होते, एकमेकांच्या दाढीवरून निथळणारं पाणी चाटत होते. सगळीकडून आवंढे गिळल्याचे आवाज तेवढे येत होते.

सासूबाईंचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. आधी वाटलं, डोळा लागला. पण त्या माझ्या खांद्यावर कधी डोकं टेकतील, हे शक्यच नव्हतं. मी त्यांचा हात धरला. गार होता. हलवून बघितलं, तर मान लुळी पडली.

आजवर मी चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं. हळदीकुंकवाला उखाणासुद्धा दुसरीने माझ्या वतीने घेतला होता. आता घशातून जो आवाज निघाला, तो मला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"पाणी! अहो, पाणी द्या कोणीतरी! पाणी!"

सगळं टॉकीज हसायला लागलं. "अगं, पडतंय की पडद्यावर! दिसत नाही का?"

"श्श! नाव काढायचं नाही म्हटलं ना!"

"हिला तहान लागली!"

मी पुन्हा ओरडले. पुन्हा हशा. मला रडू कोसळलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतली ती कोळीण मागे वळली. तिने सासूबाईंच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि एवढ्या जोरात ओरडली की मॅनेजरच्या हातातला भोंगा पडला.

"बत्ती लाव रं मेल्या! हितं बाय मरतेय!"

दिवे लागले. बायकांनी भोवती कोंडाळं केलं. कोळणीने लोटा माझ्या हातात दिला. मी तो तसाच सासूबाईंच्या तोंडाला लावणार होते, तिने माझं मनगट धरलं. "वतू नको, ठसका लागंल. बोटां भिजव, व्हटांना लाव. आमचा दीर तीन दिस समिंदरान व्हता, त्याला मी असाच जगवला."

मी पाण्यात बोटं बुडवली आणि इथे वाद सुरू झाला.

"अगं थांब, निर्जळी मोडेल त्यांची!"

"बेशुद्धीत मोडत नाही."

"भटजींना विचारून यायला हवं कोणीतरी."

"तुळशीचं पान टाकून दिलं तर चालतं."

"तुळशीचं पान टाकून मरणाऱ्याला देतात, बाई!"

"आणि लोटा कोणाचा आहे तो बघा. बाटतील ना त्या."

"बाटली तं बाटली," कोळीण म्हणाली, "मेली तं नाय."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सासूबाई जगल्या तर मला घरात ठेवतात की नाही, ठाऊक नव्हतं. न जगल्या तर तो प्रश्नच नव्हता. मी ओल्या बोटांनी त्यांचे ओठ भिजवले. मग चार थेंब आत सोडले. मग आणखी चार. घसा हलला. मी ओंजळीतून थोडं थोडं पाजत राहिले.

सासूबाईंनी डोळे उघडले. सगळ्यांकडे बघितलं. जिभेने ओठ चाटले.

"कोणी पाजलं?"

वीस बोटं माझ्याकडे वळली. "सुनेने."

मामंजींनी सांगितलं होतं, एवढं वाक्य मी सकाळपासून घोकलं होतं. ते आता काही केल्या आठवेना. मी मान खाली घातली.

"मग असं थेंब थेंब काय पाजतेस? त्या कप्तानाचं झाकण आणलंयस का? आण इकडे." त्यांनी लोटा माझ्या हातातून घेतला आणि एका दमात रिकामा केला. मग लोट्याकडे बघितलं, कोळणीकडे बघितलं. कोणीतरी खाकरलं. सासूबाई म्हणाल्या, "घासलाय मात्र लख्ख हो," आणि लोटा परत दिला.

मी त्यांना घरी चलायला सुचवलं, म्हणजे मान दाराकडे हलवली. त्या म्हणाल्या, "तिघे कोण वाचतात ते बघून जाऊ."

मग सिनेमा पुन्हा सुरू झाला खरा, पण अंधारात एकेक बाई उठून जायला लागली. कोणी "डोळ्यांवर पाणी मारून येते" म्हणायची, कोणी काहीच नाही. बाहेर मॅनेजरचा माठ होता. शेवटचा खलाशी किनाऱ्याला लागला, तेव्हा पदराने तोंड पुसत सगळ्या परत आल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

टांगा आळीत शिरला. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरी मी सांगेन काय ते. तू बोलू नकोस. तशी तू बोलत नाहीसच."

ओटीवर मामंजी वाटच बघत होते. सासूबाई पायऱ्या चढता चढता म्हणाल्या, "अहो, सुनेला घेरी आली. तिला एकटीला पाणी पाजलं असतं तर बिचारी लाजली असती, म्हणून मीही घोटभर घेतलं."

मामंजींनी सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं केलंस," ते म्हणाले. "सूनबाईंच्या प्रकृतीला जपायला हवं."

मला राग आला. जन्मात पहिल्यांदा भरल्या टॉकीजमध्ये ओरडले आणि आळीत मी घेरी येणारी ठरले. आमच्या आळीतल्या आणखी तिघी त्या खेळाला होत्या, पण त्यांनीही डोळ्यांवर पाणी मारलं होतं, तेव्हा त्या काय बोलणार? वकिलीणबाई मुद्दाम मला भेटायला आल्या आणि हल्लीच्या पोरींत दमच नाही म्हणून गेल्या. सासूबाईंनी त्यांना दुजोरा दिला.

पुढच्या वर्षीची हरतालिका. पूजा झाली, पुरुष जेवून उठले. मी परकरी पोरींना उद्याच्या गणपतीसाठी पत्री कशी वेचायची ते दाखवत अंगणात बसले होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी आल्या आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, तुझी घेरी यायची वेळ झाली. चहा टाक बघू."

किती टाकू, ते मी विचारलं नाही. दोघींचा टाकला.