भाकरी सोडलेली मायाक्का

मायाक्काची कडक भाकरी ठाऊक नसलेला माणूस कुंभारीच्या कामगार वसाहतीत शोधून सापडायचा नाही. पापडासारखी पातळ, कड कुठे जाड नाही, महिनाभर डब्यात ठेवली तरी चव तीच. नवरा गेल्यावर बाईने याच भाकऱ्या विकून मुलाला, विरुपाक्षला वाढवलं, त्याचं लग्न केलं, पत्र्याच्या घरावर स्लॅब घातला. दुसऱ्या कुणाच्या हातची भाकरी तिला गोड लागत नसे, आणि हे ती लपवतही नसे. सून वैजयंतीने थापलेली भाकरी उजेडाकडे धरून ती म्हणायची, "बैलाला चालंल की."

गेल्या पौषात लोणच्याची काचेची बरणी घेऊन मायाक्का ओल्या फरशीवर घसरली. बरणी उजव्या मनगटाखालीच फुटली. सोलापुरातल्या डॉक्टरांनी दोन तास खपून तुटलेली नस जोडली. रक्ताची नव्हे, हाताला जाणीव देणारी. तरी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट लाकडासारखं बधिर होतं, आणि पंजाला जोर नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की अशी नस जोडापासून पुढे वाढत जाते, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. सगळं परत येईलच असं नाही.

घरी आल्या आल्या मायाक्का सिद्धरामेश्वराकडे तोंड करून नवस बोलली. स्वतःच्या हाताने भाकरी थापेन तेव्हाच भाकरी खाईन, तोवर दुसऱ्या कुणाची तोंडात घालणार नाही. विरुपाक्षला वाटलं, चार दिवस भात खाईल आईसाहेब. पण या घरात आमटी, मटकी, शेंगाची चटणी, दही, जे काही होतं ते भाकरीबरोबर खायचं म्हणूनच होतं. भाकरी गेली आणि तिच्या पाठोपाठ ही सगळी वरात गेली. भात तर बाईच्या मते जखम फुगवतो. उरला चहा आणि खारी, दुपारी मूठभर चुरमुरे, संध्याकाळी पुन्हा चहा. कुणी काही बोललं की ती म्हणायची, "देवाला शब्द दिलाय मी."

टाके निघाले, हाताचे व्यायाम सुरू झाले, आणि तिसरा महिना लागला. मायाक्का एक दिवस चुकली नाही. रबराचा चेंडू दाबायची, बोटं ताणायची. पण पाच-सात वेळा दाबलं की हात गळून पडायचा, ब्लाउज अंगावर लोंबायला लागले होते, आणि बसल्या बसल्या तिला घेरी यायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि तिला खालच्या मजल्यावर आहार सांगणाऱ्या बाईकडे पाठवलं.

ती बाई म्हणजे बुद्धप्रिया, तिशीच्या आतली, बोलायला शांत. तिने काल सकाळपासून तोंडात काय काय गेलं ते विचारून लिहून घेतलं. लिहायला दीड ओळसुद्धा लागली नाही. मग तिने समजावलं की खाण्याने नस जोडली जात नाही, ते काम डॉक्टरांनी केलंय आणि वाढायचं काम शरीर करतंय. पण वाढायला आणि हातात जोर यायला माल लागतो. डाळ, मटकी, शेंगा, दूध, दही यांतून तो मिळतो. शिवाय नसेला लागणारं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व मायाक्काच्या रक्तात फारच कमी होतं. अंडी चालतात का, असं तिने विचारलं. मायाक्काने कपाळाला आठ्या घातल्या. बुद्धप्रियाने तो विषय तिथेच सोडला आणि डॉक्टर बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं देतील म्हणाली.

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, मावशी?" ती म्हणाली. "जेवत का नाही?"

सोबत आलेल्या वैजयंतीनेच नवसाचं सांगितलं. "माझ्या हातची खावी लागंल म्हणून देवाला मधी घातलंय त्यांनी."

हे मायाक्काला झोंबलं, कारण ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. परतीच्या रिक्षात सुनेकडे न बघता ती बोलली, "तुजी भाकरी वाईट न्हाय ग. घर तुज्या भाकरीवर चालाया लागलं, तर माजं हितं काय काम? म्हनून भ्या वाटतं."

घरी येऊन वैजयंतीने पीठ मळलं, दोन भाकऱ्या थापल्या, घट्ट आमटीत चुरल्या आणि वाडगा सासूपुढे ठेवला. "आत्या, दोष लागला तर मला लागू दे." मायाक्काने एकदा हात जोडून देवाची माफी मागितली आणि डाव्या हाताने खाल्लं. भाकरी जाडच होती. तिने दुसऱ्यांदा आमटी मागितली.

त्यानंतर रोज सकाळी दूध, दुपारी मटकी, ताटात शेंगाची चटणी आणि वर दही. पंधरवड्यात घेरी थांबली. चेंडू पाचचा पंधरा झाला, पंधराचा चाळीस. नस मात्र तिच्या स्वतःच्या चालीनेच चालली. तिला कुणाची घाई कळत नाही. आषाढात शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या, दिवाळीत त्याला गार-गरम कळू लागलं. करंगळी आजही अर्धी बधिर आहे आणि बहुधा तशीच राहील. त्याचं मायाक्काला वाईट वाटतं, आणि ती ते बोलूनही दाखवते.

मार्गशीर्षात एका सकाळी तिने परात पुढे ओढली. करंगळी वाकडी पडली तिकडे कड जाड, भाकरीचा आकार धड गोल नाही की लांबट नाही. अशी भाकरी तिने पूर्वी गिऱ्हाइकाला दाखवलीही नसती. विरुपाक्ष म्हणाला, नवस फिटला, आता स्वतःच्या हातची खा. मायाक्काने ती तव्यावरून काढून वैजयंतीच्या ताटात वाढली.

"माज्यासाठी तू थाप," ती म्हणाली. "मला तुजीच लागती आता."