ओटीतून गेलेलं वाण

आमच्या विद्यापीठाच्या कोरडवाहू संशोधन केंद्राचं मूल्यमापन दर काही वर्षांनी होतं. शोधनिबंध किती, ते इतरांनी किती वापरले, प्रकल्प किती आणले, अशा रकान्यांना गुण असतात. मी उभी हयात रब्बी ज्वारीत घालवली; निबंध लिहायचा मात्र भारी कंटाळा. या खेपेला तो कंटाळा अंगाशी आला. गुण कमी पडले तर ज्वारीचा प्लॉट बंद होणार, असं वरून कळलं होतं. मी धास्तावले होते, आणि धास्तावले की मी सगळ्यांवर खेकसते.

एकच रकाना आम्हाला तारू शकत होता: केंद्राचं वाण किती शेतांत पोचलं. म्हणून आम्ही पारनेरकडच्या गावांत पाहणी केली. बियाणं कुठून आणलं, असं घरोघर जाऊन कर्त्या पुरुषाला विचारायचो. जो तो म्हणायचा, घरचंच आहे. आम्ही इमानेइतबारे ‘गावरान’पुढे खूण करायचो. कागद भरत गेले आणि माझं तोंड उतरत गेलं.

शेवटच्या गावात मात्र शेतकरी रानातच भेटला, आणि मी बांधावरच थबकले. समोर माझंच वाण उभं होतं. भरगच्च कणीस, आखूड मान. दहा वर्षं खपून काढलेलं वाण ओळखलं नसतं, तर राजीनामाच द्यायला हवा होता. शेतकरी तरीही घरचंच म्हणत होता. पाखरं राखत बसलेल्या त्याच्या आईनं त्याला मध्येच तोडलं.

“घरचं कसलं? पंचमीला भावाकडं गेल्ते, तवा भावजयीनं वटीत घातलं. त्यांनी तुमच्या फार्मावरनंच आनल्यालं हुतं.”

पुढच्या पंचमीला तिची लेक तेच बियाणं श्रीगोंद्याकडे सासरी घेऊन गेली होती. मला स्वतःचीच लाज वाटली. मी स्वतः बाई, आणि निवडायचं, राखेत घालून ठेवायचं, लेकीबाळींना द्यायचं हे सगळं बायका करतात, हे मला कळू नये? आम्ही तीच गावं पुन्हा पालथी घातली. या वेळी बायकांना विचारलं आणि प्रत्येक रानात कणीस हातात घेऊन पाहिलं. पुष्कळ खुणा बदलाव्या लागल्या.

मूल्यमापन समितीनं आमची सुधारलेली यादी दोनदा वाचली, मग चार शेतं स्वतः जाऊन पाहिली. निबंधांचे गुण पडायचे तेवढेच पडले. प्लॉट मात्र राहिला.

ही बातमी सांगायला मी मुद्दाम त्या पाखरं राखणाऱ्या मावशींकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजी आता बंद न्हाई ना करायचं?”

नाही म्हटल्यावर त्या आत गेल्या आणि फडक्यात बांधलेली ज्वारी घेऊन आल्या. दरसाल सगळ्यांत टपोरी कणसं निवडून ठेवलेलं बियाणं होतं ते. मी पाकीट शोधायला पिशवीत हात घातला.

“पदर धरा. लेकीला रिकाम्या हातानं धाडत न्हाई आमी.”

असल्या गोष्टींत मी एरवी फार हुज्जत घालते. त्या दिवशी गुपचूप पदर पुढे केला, आणि डोळे भरून आले ते लपवलेही नाहीत. यंदा प्लॉटवर आमच्या मूळ वाणाशेजारी मावशींच्या बियाण्याच्या चार ओळी पेरल्या आहेत. दोन्ही चांगली उगवली आहेत, आणि मावशींच्या ओळी मला जरा सरस वाटतात.