चंद्रावर जायचं कापड: कोपरी ते मोहने व्हाया डोंबिवली

लिंक द्या, लिंक द्या म्हणून तुम्ही पोरांनी डोकं खाल्लंय नुसतं. कापडाची लिंक असते होय? कापडाला हात लावायचा असतो. फोनच्या काचेवर बोट फिरवून कळतं का, ते अंगाला टोचेल की चिकटेल? मग पार्सल फोडायचं, आत मच्छरदाणी निघाली की आजीला फोटो पाठवायचा आणि विचारायचं, ह्याचा योद्ध्याचा झगा होईल का. नाही होणार. डास मारायला ठेव.

बरं, आता नमस्कार. मी तिसरी बुक शिकलेली बाई, एका बोटानं लिहिते, चुका काढत बसू नका. तुम्ही ज्याला कॉसप्ले म्हणता ते आमच्या वेळी शाळेच्या गॅदरिंगला 'विविध वेशभूषा' म्हणून व्हायचं. नव्वद सालानंतर एकदा त्यासाठी मी जो प्रवास केला तो सांगते. रस्ता आता बदलला असेल, कापड कसं बघायचं ते बदललेलं नाही.

माझी मुलगी मंदा तेव्हा चौथीत. आम्ही ठाण्यातल्या कोपरीचे कोळी, मी नौपाड्यात दारोदार मासळी विकायची. दरवर्षी तिच्या बाई तिला कोळीण करायच्या. लुगडं घरचं, टोपली घरची, दागिने घरचे. चौथ्या वर्षी मंदा घरी आली आणि म्हणाली, "आये, मी कोळीण नाय होणार. पुस्तकात चंद्रावरचा माणूस आहे, तो होणार. नायतर त्या दिवशी शाळेतच नाय जाणार."

मी म्हटलं, बाईंना सांग. तर सांगितलं होतं म्हणे. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुला कोळीणच शोभते गं."

ते 'शोभते' ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं. गॅदरिंग मंगळवारी. शनिवारी मासळी लवकर संपवली आणि पोरीला घेऊन निघाले.

पहिला मुक्काम नौपाडा. कोपरीहून पूल ओलांडला की पायीच जायचं, रिक्षाला पैसे कशाला. तिथला एक कापडवाला माझ्या गिऱ्हाइकाचा नवरा. त्यानं सॅटिन टाकलं पुढ्यात. मी मुठीत धरून चुरगळलं, एक दोरा ओढला, कोपरा तिरका ताणला.

"अहो मावशी, किती चुरगळाल?"

"तुमच्या घरी पापलेट घेताना कल्ला उघडून बघतात. मी घडी उघडली तर दुखलं काय?"

सॅटिन दिसायला छान, पण कापलं की कडेनं सुटत जातं आणि अंगावर लोंबतं. राणीला चालेल, चंद्रावरच्या माणसाला नाही. त्याचा वेश फुगीर हवा. पांढरं पॉपलिन दाखवलं, तर मंदा म्हणाली, "हे तर कंपाउंडरचं." बरोबर होतं तिचं. टाफेटा फुगतो, पण इतका कुरकुरतो की पोरगी चालली तर चिवडा खातंय कोणी असं वाटेल.

दुपारच्या गाडीनं कल्याण. स्टेशनाबाहेर बटाटेवडा खाल्ला, मंदानं दोन. बाजारात गणपतीच्या मखराचं सामान विकणारं एक दुकान होतं, तिथं मिळालं ते. चांदीचा मुलामा दिल्यासारखं कापड, जाड, कडक, उजेडात धरलं की डोळे दिपावेत. मंदाचं तोंड उघडंच राहिलं.

दुकानदार म्हणाला, "ताई, हे धुवायचं नाही हां. टांगायचं कापड आहे."

मी म्हटलं, "चंद्रावर कुठे धुणं असतं?"

तिथून बसनं मोहने. माझी नणंद तिथं राहायची, नवरा रेयॉनच्या कारखान्यात, घरात पायाचं शिवणयंत्र. म्हणून तर गेले. वन्स हाताच्या चांगल्या, तोंडाच्या त्याहून चांगल्या. बोंबलाचं कालवण-भात खाऊन आम्ही मायलेकी जमिनीवर आडव्या झालो.

सकाळी मोरीत गेले तर बादलीत चांदी. पाणी चकचकीत, आणि कापड भांडी घासायच्या फडक्यासारखं करडं.

आमच्यात नवं कापड कात्रीखाली घालायच्या आधी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात, रंग पक्का व्हावा म्हणून. माझ्या सासूनं केलं, तिच्या सासूनं केलं. वन्सनी आपलेपणानं रात्रीच मूठभर मीठ टाकून कापड भिजत घातलं होतं. मुलाम्याचा रंग मिठानं काय पक्का होणार? सगळा सुटला. तुम्ही करू नका. चमकणाऱ्या कापडाचा कोपरा आधी बोटभर भिजवून ओल्या अंगठ्यानं घासा. अंगठ्याला चमक लागली की दुकानातच ठेवून या.

वन्स डोक्याला हात लावून बसल्या. "वयनी, मला काय ठाव गो! लुगड्याला करतो तसं केलं."

मंदा रडली नाही. रडली असती तर बरं होतं. चपला घातल्या आणि म्हणाली, "चल आये, घरी. मंगळवारी मी शाळेत जात नाय."

वन्स घाईघाईनं म्हणाल्या, "आगो बाय, कोळीण हो ना ह्या वर्षी. दुपारपर्यंत उभी करते तुला."

पोरीनं आत्याकडे असं बघितलं की वन्स पदर सावरत दारातच गेल्या. आणि दारातून ओरडल्या, "वयनी! हे बघ! हे बघ!"

शेजाऱ्याची स्कूटर उभी होती. अंगावर रुपेरी कव्हर. पावसात, उन्हात वर्षभर उभी आणि रंग तसाच. शेजारीण म्हणाली, डोंबिवलीला स्टेशनजवळ ताडपत्रीवाल्याकडे मिळतं.

रविवारी सकाळी तिघी डोंबिवलीला. ताडपत्रीवाल्यानं विचारलं, "कुठली गाडी?"

मी मंदाला पुढे केली. "ही."

त्यानं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मॉडेल?"

"चौथी ब," मंदा म्हणाली.

हसता हसता तो खाली बसला. मग म्हणाला, "मोठ्या गाडीचं घ्या, वाढतं अंग आहे." मी आधी कोपरा भिजवला, घासला. अंगठा कोरडा ठणठणीत. मग घेतलं. मिसळ खाल्ली, तिखट होती, पाव ताजे होते, आणि परत मोहने.

आता शिवायचं कसं ते ऐका, त्यासाठीच आलात ना. असल्या कापडाला टाचण्या टोचायच्या नाहीत, भोकं राहतात. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. सुई जाड, टाका लांब. इस्त्री दाखवलीत तर वितळून इस्त्रीला चिकटेल. आणि मुख्य म्हणजे आतून हवा खेळत नाही. म्हणून वन्सनी आतून जुन्या मलमलीचं अस्तर लावलं आणि काखेत चिरा ठेवल्या. डोक्याला वन्सची प्लॅस्टिकची बरणी, तोंडाकडून कापलेली. लोणचं दुसरीकडे काढलं, पण वास राहिला. मंदा म्हणाली, चालेल.

मंगळवारी शाळेत बाईंनी बघितलं आणि कपाळाला आठ्या. "अहो, मी कोळीण म्हणून नाव दिलंय! आता माईकवर तेच पुकारणार."

"पुकारू दे," मंदा म्हणाली.

पुकारलं. कोळीगीताची तबकडीही लावली. आणि त्या गाण्यावर पडद्यामागून रुपेरी माणूस हळूहळू पावलं टाकत आला. लोक हसायला लागले. मी पुढच्या रांगेत बसलेली. मंदानं बरणी वर केली, माईकजवळ गेली आणि म्हणाली, "कोळीण माझी आये आहे. ती तिथे बसलीय. मी चंद्रावर चाललेय."

हसणं थांबलं. मग टाळ्या पडल्या. बक्षीस भेंडी झालेल्या एका मुलाला मिळालं. भेंडी खरंच चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण पाचवीत, सहावीत, पुढे कधी कुठल्या बाईनं तिला परस्पर काही केलं नाही. आधी विचारायच्या, मंदा, तू काय होणार?

तो वेश जपून वगैरे ठेवला नाही. पुढच्या पावसाळ्यात उसवून माझ्या टोपलीवर टाकायला घेतला. दोन पावसाळे मासळी कोरडी राहिली, असलं कापड मिळायला नशीब लागतं. मंदा चंद्रावर गेली नाही, ठाण्यातच नोकरी करते. तिला मुलगी आहे, तेरा वर्षांची.

मागच्या आठवड्यात त्यांच्या सोसायटीतल्या एक बाई मला फोन करतात. "आजी, गणपतीत वेशभूषा आहे. नातीला कोळीण करू या ना? तुमच्याकडे सगळं घरचंच असेल."

तर बाई, हे वाचत असाल तर ऐका. लुगडं आहे, दागिने आहेत, टोपलीही आहे. पण मला परत फोन करायचा नाही, मंदालाही नाही. पोरगी साडेपाचला क्लासहून येते. खाली जाऊन तिलाच विचारा, आणि उत्तर तिनंच द्यायचं.